लघवीची धार मंदावली: घरी काय मोजायचं, डॉक्टरांकडे कधी जायचं

गोव्यात डिचोलीला फार्मसीच्या काउंटरमागे उभा राहून मला वीसेक वर्षं झाली. काही गिऱ्हाइकं दुकानात गर्दी असली की आत येतच नाहीत. समोर मोबाईल बघत थांबतात, शेवटची बाई पिशवी घेऊन बाहेर पडली की आत शिरतात आणि आवाज उतरवून म्हणतात, "जरा लघवीचं बघा. साफ होत नाही. गोळी आहे ना त्याची?" आमचं बोलणं कोकणीतून होतं, पण हीच माणसं सकाळी पेपर मराठी वाचतात. म्हणून हे मराठीत लिहितो आहे.

गोळी आहे. पण 'धार बारीक झाली' ही तक्रार एक असली, तरी तिच्या मागची कारणं एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत, की एकाला तारणारी गोळी दुसऱ्याचा आजार फक्त झाकून ठेवते. दुसरी अडचण अशी, की धार एका रात्रीत बारीक होत नाही. पाच-सात वर्षांत हळूहळू होते आणि माणूस तिच्याशी जुळवून घेतो. "वयाप्रमाणे चाललंय" म्हणणाऱ्या काकांना विचारलं, की शेवटची धड धार कधी होती, तर त्यांना आठवत नाही. स्मरणावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून मोजावं लागतं. मोजायचं कसं ते पुढे सांगतोच. त्याआधी ज्यांनी मोजत बसायचं नाही, थेट निघायचं, त्यांच्यासाठी.

मोजू नका, निघा

लघवीची तीव्र भावना आहे, ओटीपोट फुगून दगडासारखं झालंय, दुखतंय आणि थेंबही येत नाही, याला आपण लघवी तुंबली म्हणतो. ही तातडीची वेळ आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा, गाडी नसेल तर १०८ लावा. 'जास्त पाणी प्यायलं की जोर येईल' हा समज घराघरात आहे आणि तो उलटा आहे: भरलेल्या पिशवीत, म्हणजे मूत्राशयात, आणखी भर पडते, दुसरं काही होत नाही. पाण्याच्या गोळ्या, म्हणजे लघवी वाढवणारी औषधं, तर मुळीच देऊ नका. गाडी येईपर्यंत ओटीपोटावर कोमट पाणी घेऊन बघायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर तासभर थांबू नका. रुग्णालयात नळी घातली की पाच मिनिटांत आराम पडतो. त्या वेळी सोबतच्या माणसाने एक काम करावं: नळीला जोडलेल्या पिशवीत पहिल्यांदा किती मिली लघवी उतरली ते विचारून लिहून घ्यावं. ६०० मिली निघणं आणि दीड लिटर निघणं यात मूत्राशयाच्या भविष्याचा फरक असतो, आणि पुढचा डॉक्टर ते विचारतोच.

लघवी अडतेय आणि हुडहुडी भरून ताप आलाय, लघवीतून रक्ताच्या गाठी पडताहेत, किंवा कंबरदुखीबरोबर दोन्ही मांड्यांच्या आतल्या भागात, बसायच्या जागेवर बधिरपणा आलाय, पाय लुळे पडताहेत, शौचावरचा ताबा गेलाय, तरीही त्याच दिवशी, त्याच तासाला जायचं. शेवटचा प्रकार मणक्यातल्या नसांवर दाब आल्याचा असतो. तिथे उशीर झाला तर नसा परत जाग्या होतीलच असं नाही.

आणखी एक लक्षण आहे, ते दुखत नाही म्हणून घरचे फसतात. सत्तरीच्या आजोबांचा बिछाना अलीकडे रात्री ओला व्हायला लागला. सून चादरी बदलते, मुलगा डायपर आणायला माझ्याकडे येतो. सगळ्यांना वाटतं, लघवी फार होते. बऱ्याचदा उलट असतं: मूत्राशय कधी रिकामं होतच नाही, काठोकाठ भरलेलं राहतं आणि वरचं पाणी सांडतं. विहीर भरून काठावरून वाहावी तसं. हा दाब मागे मूत्रपिंडांपर्यंत जातो आणि ती मुकाट्याने बिघडत जातात. मोठ्या माणसाला नव्याने बिछाना ओला होण्याचा त्रास सुरू झाला तर डायपरच्या आधी सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम बघणारी रक्ततपासणी. दोन-तीन दिवसांत, महिन्याभराने नव्हे.

नळ, पंप आणि टाकी

घरात नळाला पाणी बारीक यायला लागलं की आपण तीन गोष्टी बघतो. पाइप कुठे तुंबलाय का, पंपाचा जोर कमी झालाय का, की टाकीतच पाणी नाही. लघवीचंही तसंच आहे.

पाइप म्हणजे मूत्रमार्ग. पुरुषांत मूत्राशयाच्या अगदी खाली प्रोस्टेट, म्हणजे पौरुषग्रंथी असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, सुमारे २० ग्रॅमची. चाळिशीनंतर ती बहुतेकांत वाढू लागते. साठीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते आणि ऐंशीनंतर बहुतेकांत. ती कर्करोगाची वाढ नसते आणि कालांतराने तिचा कर्करोग होतो असंही नाही. पाइप अडवणारं दुसरं मोठं कारण म्हणजे मूत्रमार्गात व्रण धरून तो आवळणं, डॉक्टर त्याला स्ट्रिक्चर म्हणतात. मूत्राशयाच्या तोंडाशी अडकलेला मुतखडाही धार एकदम तोडतो; माणूस जरा हलला की पुन्हा सुरू होते.

पंप म्हणजे मूत्राशयाचा स्नायू. वर्षानुवर्षांचा मधुमेह, पक्षाघात, पार्किन्सन, मणक्याचे आजार यांनी त्याच्या नसा कमकुवत होतात. अडलेल्या पाइपाविरुद्ध जोर लावून लावून तो थकतोही. आधी जाड होतो, तेव्हा घाई लागते, वारंवार जावं लागतं. मग सैल पडतो आणि ताणलेल्या फुग्यासारखा राहतो. बारीक धार दिसली म्हणून सगळा दोष प्रोस्टेटवर टाकता येत नाही तो यामुळे. मधुमेही माणसाचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि धार तशीच राहिली, असं घडतं तेव्हा बहुतेकदा पंप कमजोर असतो.

आणि टाकी. दर अर्ध्या तासाने जाऊन ८० मिली लघवी केली तर धार बारीकच येणार. 'तुंबेल' या भीतीने सारखं जाणारे असे बरेच असतात. १५० मिलीपेक्षा कमी लघवीवर धारेचा निकाल कोणी देत नाही, तुम्हीही देऊ नका.

पहिली पायरी: तीन दिवसांची वही

लागणारं सामान: स्वयंपाकघरातलं नसलेलं, मिलीच्या खुणा असलेलं प्लॅस्टिकचं मापाचं भांडं (माझ्यासारख्या कोणाकडेही मिळतं), मोबाईलमधलं घड्याळ, वही आणि पेन. सलग तीन दिवस निवडा. निदान एक दिवस घरी असण्याचा असू द्या, कारण डिचोली-पणजी बसमध्ये कोणी मापाचं भांडं नेणार नाही.

प्रत्येक वेळी लिहायचं: वाजले किती, लघवी किती मिली, घाई होती का, आणि मध्ये काय काय प्यायलात. चहा, पाणी, सोलकढी, बिअर, सगळं पेल्यांच्या हिशेबात. झोपेतून उठून केलेल्या लघवीपुढे चांदणी काढा. सकाळी उठल्यावरची पहिली लघवीही रात्रीच्याच खात्यात धरायची, ती लोक विसरतात.

दिवसातून एकदा, पिशवी आरामात भरलेली असताना (फुटेपर्यंत थांबून नव्हे) धार सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचे सेकंद मोजा. मिलीला सेकंदांनी भागा. २५० मिलीला २० सेकंद लागले तर सरासरी १२.५ मिली दर सेकंदाला. ३० सेकंद लागले तर ८ च्या आसपास. ही सरासरी आहे. रुग्णालयातलं यंत्र सर्वांत जोरदार क्षण मोजतं, तो आकडा याहून मोठा येतो, म्हणून दोन्हींची तुलना करू नका. तुमची तुलना तुमच्याशीच: आज किती, तीन महिन्यांनी किती.

(जॉर्जिया टेक या अमेरिकी संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की तीन किलोच्या वरच्या सस्तन प्राण्यांना, मग तो कुत्रा असो की हत्ती, मूत्राशय रिकामं करायला साधारण २१ सेकंद लागतात. पुढच्या वर्षी त्यांना त्यासाठी गमतीचं इग नोबेल मिळालं. माझ्या दुकानात हे सांगितलं की लाजणारा माणूस हसतो आणि मग बोलायला लागतो. पण या २१ सेकंदांवरून स्वतःचं निदान करू नका.)

तीन दिवसांनी वही उलगडली की काही गोष्टी आपोआप कळतात. रात्रीची लघवी चोवीस तासांच्या एकतृतीयांशापेक्षा जास्त असेल तर रात्री उठण्याचं कारण प्रोस्टेटबाहेर शोधावं लागतं: पायांची सूज, हृदय, साखर, झोपेतलं घोरणं आणि श्वास अडकणं, किंवा नुसता रात्री नऊचा चहा. दिवसभरात तीन लिटरच्या वर लघवी होत असेल तर आधी साखर तपासा. मी पाहिलेल्या वह्यांपैकी निम्म्या इथेच बोलतात, आणि त्यावर प्रोस्टेटच्या गोळीचा काडीचा उपयोग नसतो.

दुसरी पायरी: सात प्रश्न

जगभर वापरली जाणारी एक साधी प्रश्नावली आहे, आयपीएसएस. गेल्या महिन्याभरातलं आठवून उत्तरं द्यायची. लघवी झाल्यावरही पिशवी रिकामी झाली नाही असं वाटतं का? दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागतं का? मध्येच थांबून पुन्हा सुरू होते का? घाई लागली की थांबवणं अवघड जातं का? धार बारीक आहे का? सुरू करायला कुंथावं लागतं का? या सहांना कधीच नाही असेल तर ०, पाचातून एकदापेक्षा कमी असेल तर १, निम्म्यापेक्षा कमी वेळा २, साधारण निम्म्या वेळा ३, निम्म्यापेक्षा जास्त ४, जवळजवळ नेहमी ५. सातवा प्रश्न: रात्री किती वेळा उठता? जितक्या वेळा तितके गुण, पाचपर्यंत.

बेरीज ७ पर्यंत आली तर त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. या सातांच्या जोडीला एक आठवा प्रश्न असतो आणि माझ्या मते तोच खरा: उरलेलं आयुष्य लघवीचं हे असंच राहिलं, तर तुम्हाला कसं वाटेल? बेरीज १२ असूनही 'चालेल' म्हणणारे आहेत, आणि ९ असून रडकुंडीला आलेला, गाडी सोडून जाता येत नाही असा ट्रक ड्रायव्हरही आहे. औषध सुरू करायचं की नाही, हे डॉक्टर बेरजेबरोबर या उत्तरावरही ठरवतात.

तिसरी पायरी: घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत

यावर मी जरा जास्त बोलणार, कारण इथे चूक माझी आहे.

काही वर्षांपूर्वीचा जून. पहिल्या पावसात अर्धं गाव शिंकत होतं. ओळखीच्या एका काकांनी सर्दीच्या गोळ्यांची पट्टी मागितली, मी दिली. लघवीचं कसं आहे, हे विचारलं नाही. सर्दीसाठी आलेल्याला ते कोण विचारतो? दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आला तो नळीची पिशवी अडकवायचा पट्टा मागायला. रात्री दोन वाजता बाबांची लघवी तुंबली होती.

सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, सोबत फेनिलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन. पहिलं पंपाचा जोर उतरवतं. दुसऱ्या दोन्ही औषधांनी मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमधले स्नायू आवळतात. म्हणजे पंप ढिला आणि नळ घट्ट, एकाच गोळीत. ज्याची धार चांगली आहे त्याला काही जाणवतही नाही. ज्याची आधीच काठावर आहे, त्याला ही गोळी पलीकडे ढकलते.

याच यादीत आणखी काही: पोटातल्या कळांवरचं डायसायक्लोमिन, नसांच्या दुखण्यावर किंवा झोपेसाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन, पार्किन्सनवरचं ट्रायहेक्सिफेनिडिल, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, दम्याच्या काही पंपांतलं टायोट्रोपियम आणि इप्राट्रोपियम, घाईच्या लघवीवर देतात ती ऑक्सिब्युटिनिन आणि सोलिफेनासिन. यातली कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. मुंबईहून भावाने पाठवलेली आणि शेजाऱ्याने दिलेलीही.

बद्धकोष्ठही याच पायरीवर. भरलेलं मोठं आतडं मूत्राशयावर दाबतं. सकाळी पोट साफ व्हायला लागलं आणि धार सुधारली, असं वयस्कर माणसांत खूप दिसतं.

बाई, तरुण आणि मूल

बायकांना प्रोस्टेट नसते, म्हणून त्यांची तक्रार घरात कोणी ऐकत नाही. धार अडणं, अर्धवट होणं हे बायकांमध्येही असतं. अंग बाहेर येत असेल तर मूत्रमार्ग मुडपतो. काहींना बोटाने आत ढकलल्याशिवाय लघवी होत नाही आणि ते त्या कोणाला सांगत नाहीत. बाळंतपणानंतर, मधुमेहात, जंतुसंसर्गात हे होतं. बाजारातल्या अस्वच्छ शौचालयात अर्धवट उभं राहून उरकायची सवय मूत्राशय नीट रिकामं होऊ देत नाही. अशा वेळी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आधी जाणं बरं.

पन्नाशीच्या आतल्या पुरुषात धार बारीक झाली, फाटली, शिंपडायला लागली तर आधी स्ट्रिक्चरचा विचार होतो. पूर्वी कधी नळी घातली होती का, मोटरसायकलच्या अपघातात ओटीपोटाचं हाड मोडलं होतं का, माडावरून उतरताना किंवा सायकलच्या दांड्यावर दोन पायांमध्ये मार बसला होता का, तरुणपणी परमा झाला होता का, हे सगळं स्पष्ट सांगा. मार दहा वर्षांपूर्वीचा असला तरी सांगा; व्रण सावकाश आवळतो. इथे प्रोस्टेटच्या गोळ्या सहा महिने खाऊन बघणं म्हणजे सहा महिने वाया घालवणं.

नवजात मुलग्याची लघवी धारेने न येता नुसती टिपकत असेल तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ. जन्मतः मूत्रमार्गात पडदा असू शकतो.

कुठे जायचं आणि काय न्यायचं

तुंबलेली नाही, ताप नाही, रक्त नाही, पण बेरीज ८ किंवा त्याहून जास्त आहे किंवा धार मंदावली आहे, तर येत्या दोन-चार आठवड्यांत दाखवा. लघवीत रक्त एकदाच दिसलं आणि न दुखता दिसलं तरी त्याच आठवड्यात जा, मग ते पुन्हा दिसो न दिसो. उन्हाळी लागली, जळजळ आहे, तर तीही याच आठवड्यात.

सुरुवात गावच्या आरोग्य केंद्रापासून किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून करा. लघवीची साधी तपासणी, साखर, क्रिएटिनिन इथेच होऊन जातं आणि पुढची चिठ्ठीही मिळते. पुढचा टप्पा म्हापशाचं उत्तर गोवा जिल्हा रुग्णालय किंवा मडगावचं दक्षिण गोवा जिल्हा रुग्णालय, आणि मूत्ररोगतज्ज्ञांसाठी बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. दोडामार्ग-सावंतवाडीकडचेही बांबोळीलाच येतात, त्यामुळे रांग मोठी असते. सकाळी लवकर निघा. ऑपरेशनची गोष्ट निघाली तर भरती व्हायच्या आधीच दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे का, आणि ती शस्त्रक्रिया तुमच्या रुग्णालयात योजनेत बसते का, हे विचारून ठेवा.

न्यायचं काय: वही, सात प्रश्नांची बेरीज, गोळ्यांची पिशवी, जुने रिपोर्ट. आणि घरातलं कोणीतरी, कारण डॉक्टरांसमोर गेल्यावर "तसं काही नाही" म्हणणारे फार.

तपासण्या, आणि त्यात होणारी गंमत

डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट चाचपतात. मिनिटभरही लागत नाही. याच्या भीतीने दोन-दोन वर्षं न जाणारे मला माहीत आहेत.

सोनोग्राफीत मूत्राशय, मूत्रपिंडं, प्रोस्टेट आणि लघवी करून आल्यावर मागे किती उरते ते बघतात. ५० मिलीपर्यंत उरणं किरकोळ, १०० ते १५० च्या वर लक्ष ठेवण्याजोगं, ३०० च्या वर गंभीर. पण एक नेहमीचा घोळ होतो. "पाणी पिऊन या" म्हटल्यावर माणूस दीड लिटर पितो, नंबर दोन तासांनी लागतो, पिशवी अति ताणली जाते आणि अशी ताणलेली पिशवी धड रिकामी होत नाही. मग रिपोर्टमध्ये २०० मिली उरल्याचं येतं आणि घरी रडारड. नंबर जवळ आल्यावर दोन-तीन पेले पुरतात. फारच कळ आली तर तंत्रज्ञाला सांगा. आकडा मोठा आला तर दुसऱ्यांदा जाऊन येऊन परत मोजायला सांगायला लाजू नका.

रिपोर्टवर 'प्रोस्टेट ४५ सीसी, ग्रेड वन' असं काही लिहिलेलं असतं आणि त्या ओळीने माणसं झोप घालवून बसतात. आकार आणि त्रास यांचा सरळ संबंध नसतो. ३० ची ग्रंथी वाट अडवू शकते आणि ८० ची शांत बसू शकते. उपचार रिपोर्टवरच्या आकड्यावर होत नाहीत, त्रासावर आणि मागे उरणाऱ्या लघवीवर होतात.

युरोफ्लोमेट्रीत तुम्ही एका फनेलमध्ये लघवी करता आणि यंत्र वेग काढतं. सर्वाधिक वेग सेकंदाला १५ मिलीच्या वर असेल तर सहसा ठीक, १० च्या खाली असेल तर अडथळा किंवा कमजोर स्नायू. कोणतं ते हे यंत्र सांगू शकत नाही. त्यासाठी गरज पडली तर युरोडायनॅमिक्स, म्हणजे मूत्राशयातला दाब मोजणारी तपासणी, करतात. स्ट्रिक्चरचा संशय असेल तर मूत्रमार्गात औषध सोडून एक्स-रे काढतात.

रक्तातलं पीएसए हे प्रोस्टेटच्या कर्करोगाचा माग काढण्यासाठी. ४ च्या वर गेलं म्हणजे कर्करोग, असं नाही. जंतुसंसर्गाने ते चढतं, म्हणून संसर्ग बरा झाल्यावर सुमारे सहा आठवडे थांबून करतात. आदल्या दोन दिवसांत वीर्यपतन किंवा लांब सायकल चालवणं टाळा. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड घेणाऱ्यात पीएसए सहा महिने ते वर्षभरात निम्म्यावर येतं, म्हणजे २.५ दिसलं तरी ते ५ समजून वाचायचं. ही गोळी घेता हे लॅबलाही आणि डॉक्टरांनाही सांगा.

गोळ्या आणि ऑपरेशन

टॅम्सुलोसिन, सिलोडोसिन, अल्फुझोसिन ही औषधं नळाभोवतीचे स्नायू सैल करतात. काही दिवसांत फरक जाणवतो. ग्रंथी मात्र लहान होत नाही. टॅम्सुलोसिन रोज एकाच जेवणानंतर घ्यावं. उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून पहिले काही दिवस रात्री उठताना आधी खाटेच्या काठावर बसा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील किंवा सिल्डेनाफिलसारखी लैंगिक ताकदीची गोळी घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. वीर्य बाहेर न येता मागे जाणं हा या औषधांचा, विशेषतः सिलोडोसिनचा, परिणाम आहे. घाबरण्याजोगा नाही, पण आधी कोणी सांगत नाही म्हणून माणूस हबकतो. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना या गोळीचं नाव आवर्जून सांगा, पूर्वी घेऊन बंद केली असली तरी. ही औषधं घेणाऱ्यांची बुबुळं ऑपरेशनच्या वेळी लुळी पडू शकतात, सर्जनला तयारी ठेवावी लागते.

फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ग्रंथी खरोखर लहान करतात, पण सहा महिने धीर धरावा लागतो. मोठ्या ग्रंथीत त्यांचा उपयोग, छोट्या ग्रंथीत फारसा नाही. घरात गरोदर बाई असेल तर फुटलेल्या गोळीला तिने हात लावू नये.

सॉ पामेटोच्या कॅप्सूल मी विकतो, पण मोठ्या चाचण्यांत त्या बिनऔषधी कॅप्सूलपेक्षा सरस ठरल्या नाहीत, हे विचारणाऱ्याला सांगतोही.

वारंवार तुंबणं, वारंवार संसर्ग, मूत्राशयात खडे, मूत्रपिंडांवर परिणाम, किंवा गोळ्यांनी न भागणारा त्रास, अशा वेळी ऑपरेशन. टीयूआरपीत मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून वाट मोकळी करतात, पोटावर काप नसतो. लेझरनेही करतात, मोठ्या ग्रंथीत ते सोयीचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. स्ट्रिक्चरला मात्र सारखं सारखं रुंद करत राहण्यापेक्षा, योग्य रुग्णात, मूत्रमार्ग नव्याने बांधण्याचं ऑपरेशन जास्त टिकतं. हा प्रश्न मूत्ररोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा.

रोजच्या रोज

संध्याकाळी सहानंतर चहा-कॉफी कमी. पाणी तोडू नका. मे महिन्यात आपल्याकडे घामाने आधीच अंग आटतं, आणि गडद लघवी मूत्राशयाला आणखी चिडवते. फिकट पिवळा रंग राहील इतकं दिवसा प्या, झोपायच्या दोन तास आधी आवरतं घ्या.

उभ्याने होत नसेल तर बसून करा. झाल्यावर निघू नका, मिनिटभर थांबून, थोडं पुढे वाकून पुन्हा प्रयत्न करा. पँट वर घेतल्यावर थेंब पडतात त्यांनी वृषणांच्या मागे बोटं दाबून पुढच्या बाजूला सरकवत आणावीत. मूत्रमार्गात अडकलेले थेंब निघून जातात. दाब देऊन कुंथण्याची सवय नको, हर्निया आणि मूळव्याध दोन्ही तिथूनच येतात.

शेवटचं, जत्रेचं आणि उराकाचं, म्हणजे काजूच्या दारूचं. दशावतार बघायला रात्रभर बसायचं, उठलं तर जागा जाते, म्हणून लघवी दाबून ठेवली जाते. त्यात मार्च-एप्रिलमधला उराक. दारूने लघवी भरभर तयार होते आणि झोपेत भावना मंदावते, पिशवी ताणली जाते, सकाळी धारच सुटत नाही. धार आधीच बारीक असलेल्यांना अशाच रात्रीनंतर नळी लागते. तेव्हा रंगमंचापासून लांबची, वाटेजवळची खुर्ची धरा, दर दोन-अडीच तासांनी उठा, आणि त्या रात्री सर्दी झाली असेल तरी सर्दीची गोळी घेऊ नका.